बाल्डरवाल्या रत्नाताई

रत्नाताई तायड्यांनी एका ताऱ्याला जन्म दिला तेव्हा आमच्या स्टुडिओतली लाइन गेलेली होती.

मे महिन्यातली दुपार. अशा दुपारी अमरावतीत लाइन गेली की माणसं हलतसुद्धा नाहीत, जिथे बसली तिथेच बसून राहतात. आमचं रेडिओ केंद्र म्हणजे एका कॉलेजच्या मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. आजूबाजूच्या गावांपुरतं ऐकू जाणारं लहानसं केंद्र. लांबची माणसं मोबाइलवर ऐकायची. सकाळी बाजारभाव, मग आरोग्याचा सल्ला, संध्याकाळी फर्माइशी गाणी. मी मशीन सांभाळायची आणि बाजारभाव वाचायची. उरलेलं सगळं रत्नाताई करायच्या. त्या दिवशी मशीन बंद, पंखा बंद, म्हणून आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो होतो. मी ओढणीनं वारा घेत होते आणि रत्नाताई एक फाटकं पुस्तक वाचत होत्या. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, सुरुवातीची पानंही नव्हती. अकोल्याच्या रद्दीवाल्याकडून उचललेलं. पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांच्या गोष्टी होत्या त्यात.

अचानक त्या किंचाळल्या.

"कल्पू! बांडगूळ!"

मला वाटलं, अंगावर पाल पडली. मी ओढणी झटकून उठले.

"अवं, बस खाली. गोठ आयक. बाल्डर नावाचा एक देव होता त्याहीचा. इतका गोड, इतका देखणा, का सारे देव त्याच्यावर जीव टाकत. त्याच्या मायले सपन पडलं का ह्या पोराले मरण हाये. मंग थे माय निंगाली. आगीपाशी गेली, पाण्यापाशी गेली, लोखंडापाशी, दगडापाशी, सापापाशी, साऱ्या रोगराईपाशी गेली. सगळ्याहीकडून शपथ घेतली का माह्या बाल्डरले हात लावणार नाई. फक्त एक रोपटं सोडलं. म्हणे, एवढंसं तं हाये, हे काय करते! अन् त्याच रोपट्याच्या काडीनं थो मेला. कोन्तं रोपटं? बांडगूळ! आपल्या आंब्यावर असते ना कल्पू, थे बांडगूळ!"

एवढं सांगेपर्यंत त्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून पुन्हा उतरल्या होत्या. पदर खोचलेला, पायात पांढरे स्पोर्ट शूज, कपाळावर घाम, आणि डोळे असे की त्या बर्फाळ मुलखातून आत्ताच एसटीनं उतरल्या असाव्यात.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? आपण एक तारा बनवू. बाल्डर नावाचा. आभायात कुठीच नाई असा. आता पाय मजा!"

'आता पाय मजा', म्हणजे आता बघ मजा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहात आलं टाकताना, माइक सुरू करताना, स्कूटी चालू होत नसताना किक मारण्याआधी, सगळीकडे तेच. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा मजा यायचीच. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटकुळी बाई. पण तिच्याशेजारी आम्ही तिशीतली माणसं म्हातारी वाटायचो. बसून बोलणं त्यांना जमतच नसे. माइकचा स्टँड त्यांच्यासाठी मी कायमचा वर चढवून ठेवला होता. चपला, बूट जे काय असेल ते बाहेर काढून, अनवाणी उभं राहून त्या बोलायच्या. गालात लवंग. आणि दोन्ही हात हवेत. मी कितीदा सांगितलं, "ताई, रेडिओवर हात दिसत नाहीत." त्या म्हणायच्या, "तुले कोणं सांगतलं?"

एकदा एका माणसाची बकरी हरवली म्हणून तो केंद्रावर आला. आम्ही अशा सूचना देत असू. दुसऱ्या कोणीही 'काळी बकरी, कानावर पांढरा ठिपका' असं वाचून मोकळं झालं असतं. रत्नाताईंनी त्या बकरीची चाल सांगितली, तिचा स्वभाव सांगितला, ती घरातून का निघाली असेल याचा अंदाज सांगितला, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता थे कोण्या रस्त्यानं जाऊन राहिली असन?" संध्याकाळपर्यंत केंद्राच्या दारात माणसं बकऱ्या घेऊन उभी. त्यातली एकही त्या माणसाची नव्हती. त्याची बकरी तोवर आपली आपण घरी गेली होती. "पाह्यलं?" रत्नाताई म्हणाल्या, "तिनंही आयकलं असन."

तर अशा बाईच्या डोक्यात तारा शिरला.

लाइन येईपर्यंत अर्धी मालिका तयार झाली होती. बाल्डर हा एक तारा. त्याच्याभोवती एक गाव फिरतं. त्या गावात वऱ्हाडातून कधीकाळी गेलेली माणसं राहतात. बाल्डरच्या उजेडात ती वांगी लावतात, झेंडू लावतात, भांडतात, लग्नं लावतात. तारा त्यांच्याशी बोलतो, आणि बोलतो वऱ्हाडीत. सगळ्यांचा लाडका. पण एक दिवस आकाशातलं एक बांडगूळ त्याच्या अंगावर रुजतं आणि त्याचा उजेड पिऊ लागतं. तारा आजारी पडतो. आता गावानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट वलगावला नेलं. तिथे माझ्या मामाची वाडी आहे, भाजीपाला आणि फुलांची, बांधावर आंब्याची झाडं. रामदासमामा आम्हाला पाहून हरखले, पण रत्नाताईंनी आंब्याकडे बोट दाखवून "वा! काय सुंदर बांडगूळ हाये!" म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आंब्यावर बांडगूळ असणं म्हणजे मालकाचं लक्ष नाही असं. त्यांना वाटलं, बाई शेतकी खात्यातून तपासणीला आली.

"काढणारच होतो मॅडम, ह्याच हप्त्यात काढतो," ते अजिजीनं म्हणाले.

"आत्ता काढा. माह्या माइकसमोर काढा. मले त्याचा आवाज पाह्यजे."

"बांडगुळाचा आवाज कायले पाह्यजे?"

"एक तारा मारायचा हाये."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग ते कोयता घेऊन झाडावर चढले आणि बांडगुळाची फांदी कडाकडा मोडली. ती मोडताना जो ओला, चिवट आवाज आला तो मी पुढे अनेक भागांत वापरला. मामा मात्र त्या दिवसापासून मालिकेचे पहिले श्रोते झाले. आपल्या बांडगुळानं आकाशात काय उत्पात केला ते त्यांना कळायला हवं होतं.

बाल्डरच्या पोटातला आवाज हवा होता, त्यासाठी अकोल्याला गेलो. तारा म्हणजे सतत काहीतरी जळतंय, दळतंय, घुमतंय. "तसा आवाज माह्या माहितीत एकच हाये," असं म्हणून त्यांनी मला एका डाळमिलमध्ये नेलं. आत शिरताच तुरीच्या भुशानं नाक भरलं. मिलचे फोरमन पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "जयभीम ताई. लय दिवसानं आल्या." आणि मग माझ्याकडे वळून, माझी ओळख करून घेण्याआधीच, "ह्या सुभाषच्या बहीण."

सुभाष म्हणजे रत्नाताईंचा धाकटा भाऊ. तोपर्यंत मला एवढंच ठाऊक होतं की तो वारला. त्या मिलमध्ये उभं राहून कळलं की तो किती जणांचा होता. तो इथे मशीनवर होता. एकेक कामगार यायचा आणि सुभाषचं काहीतरी सांगायचा. कोणाच्या लग्नात नाचला, कोणाच्या बापाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेला, कोणाशी कधी भांडलाच नाही. पायात एक गंजका खिळा घुसला. एवढासा. त्यानंही लक्ष दिलं नाही, कोणीच दिलं नाही. विष अंगात पसरलं, आणि बरेच दिवस दवाखान्यात काढून तो गेला. रत्नाताई हे सगळं ऐकत उभ्या होत्या, मधूनमधून हसत होत्या, "हो ना, तसाच होता थो," म्हणत होत्या. मग एकदम त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"दादा, मोठी मशीन लावा. मले ताऱ्याचा आवाज पाह्यजे."

"तारा असा आवाज करते काय?" फोरमननी विचारलं.

"तुमी आयकला काय कधी?"

"नाई."

"मंग झालं तं."

मशीन सुरू झालं. जमीन थरथरायला लागली. रत्नाताईंनी बूट काढले आणि अनवाणी उभ्या राहिल्या, तळपायांनी ऐकत असल्यासारख्या. बाल्डरचा आवाज तिथून आला.

परतताना एसटीत त्या नेहमीसारख्या बोलत होत्या. मूर्तिजापूर गेल्यावर मात्र म्हणाल्या, "कल्पू, सगळ्याहीचा जीव ज्याच्यावर असते थो एवढ्याशा गोष्टीनं जाते. हे मले कोणं समजावलं नाई. त्या फाटक्या पुस्तकानं समजावलं." आणि लगेच पिशवीतून बोरकूट काढून माझ्या हातावर ठेवलं.

आमच्या केंद्राचे प्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, शेतकीचे निवृत्त प्राध्यापक. भला माणूस, पण नियमांचा. त्यांनी पहिला भाग ऐकला आणि आम्हाला बोलावलं.

"तायडे मॅडम, कल्पना चांगली आहे. पण हे परदेशी नाव कशाला? आपल्याकडे ध्रुव आहे, अगस्ती आहे. ध्रुव ठेवा."

रत्नाताई खुर्चीवरून उठल्या. त्या उठल्या की समजावं.

"सर, ध्रुवाले बापाच्या मांडीवरून ढकललं म्हणून थो तारा झाला. त्याची गोठ आपल्या साऱ्याहीले पाठ हाये. बाल्डरले कोणं ढकललं नाई. त्याच्यावर साऱ्याहीचा जीव होता अन् तरी थो वाचला नाई. मले थे गोठ सांगायची हाये. थे आपल्याकडं नसन तं तिकडून आणू. मिरचीही तं बाहेरूनच आली ना सर? आता मिरचीबिगर जेवता काय तुमी?"

सर शेतकीवाले. मिरचीपुढे त्यांचा इलाज चालला नाही.

दर रविवारी सकाळी मालिका लागायला लागली. तारा स्वतः रत्नाताई करायच्या. त्यासाठी घरून स्टीलचा मोठा गंज आणला होता, भात शिजवायचा. त्यात तोंड घालून बोलल्या की आवाज असा घुमायचा की माझ्याच अंगावर काटा यायचा. "पोट्टेहो, जेवले काय रे?" असं बाल्डर रोज सकाळी गावाला विचारायचा. एवढा मोठा तारा आणि विचारतो काय, तर जेवले काय. लोकांनी तेच उचललं. नावाचं मात्र ज्यानं त्यानं आपापलं केलं. कोणी बालदर म्हणे, कोणी बालधर, एक आजीबाई तर 'बाळूदादा' म्हणायच्या. रत्नाताई कोणालाही दुरुस्त करत नसत. "माणूस लाडका झाला का त्याचं नाव बिघडतेच," म्हणायच्या.

आणि तो खरोखर लाडका झाला. भाजीबाजारात गेलं की वांगी मोजता मोजता बाई विचारायची, "मॅडम, बालदरचा ताप उतरला काय?" कॉलेजच्या फाटकावरचा चौकीदार सोमवारी मला अडवून पुढच्या भागात काय आहे ते विचारायचा. चांदूर बाजारहून बायकांच्या एका गटानं बांडगूळ घालवायचे घरगुती उपाय कळवले. त्यातला मीठ आणि हळदीचा उपाय रत्नाताईंनी खरोखरच एका भागात घातला. ताऱ्याभोवतीच्या गावातल्या लोकांनी आपल्या आकाशात उडणाऱ्या जहाजातून मीठ-हळद नेऊन ताऱ्यावर उधळली. त्याला दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा बिघडलं.

त्याचं बिघडत चाललं तसे फोन वाढले. "मारू नका त्याले." "बाई, हात जोडतो, वाचवा." मामांनी तर मला घरी येऊन दम दिला, "त्याले काई झालं तं बांडगूळ माह्या झाडाचं होतं, हे ध्यानात ठेव."

आणि इकडे रत्नाताई अडकल्या. जो शेवट सांगण्यासाठी त्यांनी सगळं सुरू केलं होतं, तोच त्यांना लिहवेना. त्या येरझारा घालायच्या, लवंगा चावायच्या, दोन ओळी बोलून पाहायच्या आणि "नाई जमत बाप्पा" म्हणून गंज पालथा घालून ठेवायच्या. असं आठवडाभर चाललं. मग एका सकाळी त्या स्कूटीवरून उतरल्या त्या ओरडतच.

"कल्पू! वाचवतो त्याले! पुस्तकात काईही असो. आपण वाचवतो. आता पाय मजा!"

मूळ गोष्टीत अशी अट आहे की मेलेल्या बाल्डरसाठी जगातल्या प्रत्येकानं रडलं तर तो परत येईल. सगळे रडतात, एक म्हातारी रडत नाही. म्हणून तो येत नाही. रत्नाताईंनी ती अट बदलली. रडायचं नाही, बोलवायचं. शेवटचा भाग थेट प्रसारित करायचा, फोन खुले ठेवायचे, आणि प्रत्येकानं म्हणायचं, 'बाल्डर, ये.' सगळ्यांनी बोलावलं तर तारा बरा होईल. एकानंही नाही म्हटलं तर जाईल. "नाई कोण म्हणन? इतके जीव टाकून राहिले त्याच्यावर," त्या म्हणाल्या. सरही खूश झाले. त्यांनी स्वतः जाहिरात तयार केली.

तो रविवार मी विसरणार नाही. सकाळपासून फाटकाबाहेर माणसं, मोबाइलवर आमचं केंद्र लावून. वलगावहून मामा मामीला घेऊन आले होते, हातात झेंडूची टोपली. शाळेतली पोरं भिंतीवर चढून बसलेली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. आमच्याकडे एक साधा फोन आणि दोन मोबाइल. तिन्ही मशीनला जोडलेले. रत्नाताई अनवाणी उभ्या. मी मिलचा आवाज सोडला आणि हळूहळू बारीक केला, बाल्डरचा श्वास लागल्यासारखा.

फोन सुरू झाले. अचलपूरहून एक काका म्हणाले, "बाल्डर, ये रे भाऊ." चांदूर बाजारच्या बायकांनी एकसुरात बोलावलं. एका पोरानं सांगितलं, "बाल्डर ये, माहा गृहपाठ तुह्याच उजेडात करायचा हाये." एकामागून एक. मी प्रत्येक फोनबरोबर मिलचा आवाज थोडा थोडा वाढवत होते. तारा बरा होत होता. रत्नाताईंचे हात हवेत, चेहरा फुललेला, काचेपलीकडे सर टाळ्या वाजवताहेत. जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग एक फोन आला.

"हॅलो! कोण बोलून राहिलं?" रत्नाताईंनी विचारलं.

"मी."

रत्नाताईंचे हात खाली आले. मी आवाज ओळखला नाही, त्यांनी ओळखला.

"कौसल्या तायडे," पलीकडची म्हातारी बाई रीतीनं म्हणाली. "अकोल्याहून."

"माय! तू? बोल, बोल ना. बाल्डरले बोलाव."

"नाई बोलावत."

काचेपलीकडे सरांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला, फोन तोडा म्हणून. मी बटणाकडे हात नेला. रत्नाताईंनी मान हलवून मला थांबवलं.

"काहून नाई, माय?"

"थकला असन थो." आवाज शांत होता, तक्रार नव्हती. "तूनं पाह्यलं ना सुभाषले. साऱ्याहीनं बोलावलं. मी बोलावलं, तूनं बोलावलं, मिलचे पोट्टे दवाखान्याच्या दारात बसून राहिले. थो डोये उघडे, आपल्याकडं पाहे, अन् मिटे. त्याले यायचं होतं. येता येत नव्हतं. आपण बोलावणं काई बंद नाई केलं. तुह्या ताऱ्याले तसं नोको करू, रत्ना. जाऊ दे."

रेडिओच्या धंद्यात शांतता म्हणजे पाप. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, काहीही बोला पण गप्प राहू नका. त्या दिवशी आमचं केंद्र गप्प राहिलं. फक्त मिलचा आवाज चालू होता.  रत्नाताईंनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला होता.

"थो बुजला तं अंधार होईन ना माय," शेवटी त्या म्हणाल्या. अगदी लहान मुलीसारख्या. "तठी माणसं हायेत."

"बुजू कायले द्यायचा? तारा हाये ना थो? दिवा थोडाच हाये फुंकर मारली का गेला? सुभाषले आपण चुपचाप नेलं. ह्याले वाजत-गाजत जाऊ दे. असा उजेड करून जाऊ दे का साऱ्या आभायानं पाह्यलं पाह्यजे."

मी रत्नाताईंकडे पाहत होते. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्याच डोळ्यांत ती जिन्यातली चमक आली. त्यांनी हातातले कागद हवेत फेकले. खाली पडायच्या आत त्या बोलायला लागल्या होत्या.

"आयका हो सगळे! कोणी फोन ठेवू नोका! बाल्डर चालला. पण थो मरून नाई राहिला, फुटून राहिला! गावातली माणसं जहाजात बसली हायेत, अन् त्याच्या फुटण्याचा धक्का त्या जहाजाले लागणार हाये, दुसऱ्या ताऱ्यापर्यंत! मले आवाज पाह्यजे! तुमच्या घरात जे वाजते थे वाजवा! कल्पू, सगळे फोन जोड!"

मग त्यांनी गंज उचलला, त्यात तोंड घातलं, आणि बाल्डर शेवटचं बोलला.

"पोट्टेहो, जेवले ना? चाला मंग. बसा जहाजात. मी ढकलतो."

मी मिलचा आवाज एका झटक्यात पूर्ण सोडला. आणि फोनमधून वऱ्हाड फुटलं! कुकरच्या शिट्ट्या, ढोल, बैलाच्या गळ्यातल्या घंटा, ऑटोचे हॉर्न, कोणाचा मिक्सर, कोणाचं शिलाई मशीन. चांदूर बाजारच्या बायका परातीवर लाटणी बडवत होत्या. रेकॉर्ड केलेले आवाज मोबाइलवर धडाधड येऊन पडत होते आणि मी हाताला लागेल तो सोडत होते. फाटकाबाहेरच्या पोरांनी पत्र्याचं फाटक बडवायला घेतलं. खिडकीबाहेर मामा टोपलीतले झेंडू ओंजळी भरभरून उधळत होते, ज्याचा काडीचाही आवाज होत नव्हता. आणि आमचे सर, नियमांचे सर, टेबलाचा लोखंडी ड्रॉवर दोन्ही हातांनी उघडत होते आणि आपटत होते, उघडत होते आणि आपटत होते. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

किती वेळ चाललं कोण जाणे. मग रत्नाताईंनी हात खाली केला आणि मी सगळं एकदम बंद केलं.

एकच फोन जोडलेला राहिला होता.

"झालं?" पलीकडून विचारलं.

"झालं, माय."

"चांगलं झालं. जेवली काय तू?"

रत्नाताई हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या, आणि हे सगळं तसंच्या तसं प्रसारित झालं, कारण मला माइक बंद करायचं सुचलंच नाही. बाहेर आल्या तेव्हा पोरांनी त्यांना गराडा घातला. 'जहाज कुठी पोचलं' हा एकच प्रश्न सगळ्यांचा. त्या फाटकात उभ्या राहून प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होत्या.

त्यानंतर त्या आमच्याकडे फार दिवस राहिल्या नाहीत. आई थकत चालली होती. अकोल्याच्या एका शाळेनं मुलींची नाटकं बसवायला बोलावलं होतं. "माय म्हणते, ये. मंग मी काहून नाई म्हणू?" एवढंच कारण त्यांनी सरांना दिलं. सरांनी निरोपाच्या भाषणात ताऱ्यांविषयी बोलायला सुरुवात केली आणि मिरचीवर संपवलं.

मी त्यांना सोडायला अमरावतीच्या स्टँडवर गेले होते. सकाळची गाडी. खिडकीची काच अडकलेली, वरची चार बोटांची फट तेवढी उघडी. त्या जागेवर बसल्या, निदान बसल्यासारख्या झाल्या, आणि त्या फटीतून मला नव्या गोष्टीबद्दल सांगू लागल्या. एक नदी आहे, ती जमिनीवरून वाहत नाही, माणसांच्या घरांतून वाहते, प्रत्येक घरात थोडी थोडी. "अन् एका घरानं दार लावलं, कल्पू! आता त्या नदीनं काय करावं?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. मी हातानं खूण केली, ऐकू येत नाही म्हणून. त्यांनी ती निरोपाची समजली, मान डोलावली आणि पुढे सांगत राहिल्या. गाडी मागे आली, वळली. शेजारी बसलेला धोतरवाला म्हातारा त्यांच्या हातांचा मार चुकवायला आधी अंग चोरून बसला होता. गाडी फाटकाशी पोचेपर्यंत तो पुरता त्यांच्याकडे वळला होता. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या होत्या. आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून, पैसे मागायचं विसरून, दांड्याला टेकून ऐकत उभा होता.